फातिमाचं ‘चौथं रहस्य’ आणि मधेच ढिली पडणारी कादंबरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा या गावी तीन मुलांना झालेल्या मारियामातेच्या दर्शनांवर तुम्ही मराठीत थरारक कादंबरी लिहिताय. व्हॅटिकनने दडवलेलं ‘चौथं रहस्य’ पुण्यातल्या एका संशोधक बाईंच्या हाती लागतं, त्यातलं भाकीत ओळीओळीने खरं ठरत जातं आणि शेवटी पोपचा खून होतो. खर्डा वाचलेले मित्र म्हणतात, सुरुवात पकड घेते, पण शंभरेक पानांनंतर गोष्ट सैल पडते. संशोधन कमी पडतंय का, आणि ख्रिस्ती नसलेल्याने या विषयात हात घालावा का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: खुशाल घाला. मी वसईचा, घर कॅथलिक, आणि बरीच वर्षं रहस्यकथांच्या संपादनावर पोट भरतोय. आमच्याकडच्या मुलांची याच विषयावरची हस्तलिखितंही नेमक्या त्याच जागी बसकण मारतात. बाप्तिस्मा झालाय म्हणून कथानक उभं राहत नाही. मिस्सा, धर्मग्राम, धर्मप्रांत, नोव्हेना हे शब्द आठ दिवसांत कानावर पडून सरावाचे होतील.

संशोधन तुम्ही भरपूर केलेलं दिसतंय, गरजेपेक्षा थोडं जास्तच. खरी अडचण वेगळी आहे. कॅथलिक भविष्यवाणी तुम्ही आकाशवाणीसारखी लिहिली आहे. कंसाने ‘देवकीचा आठवा’ हे एकदा ऐकलं, की पुढे त्याने कितीही बाळं मारली, कोठडीला कितीही कुलुपं ठोकली, तरी शेवट ठरलेला असतो. ती गोष्ट आपण कृष्णासाठी ऐकतो, पुढे काय होणार यासाठी नाही. थरारकथा घेणारा मात्र नेमके त्यासाठीच पैसे मोजतो. साठाव्या पानावर तुम्ही त्याला भाकिताच्या सात ओळी दिल्यात आणि पुढे त्या क्रमाने खऱ्या करून दाखवल्यात. मग तो हातात पेन्सिल घेऊन खुणा करत बसतो.

या परंपरेतली भविष्यवाणी बहुतेक वेळा सशर्त असते. बायबलमधला योना आठवा. ‘चाळीस दिवसांत निनवे नष्ट होईल’ असं तो गावभर ओरडत फिरला. लोकांनी गोणपाट नेसून उपास केले, राजाने गुराढोरांनाही उपाशी ठेवलं आणि देवाने बेत बदलला. निनवे वाचलं आणि योना रुसून गावाबाहेर जाऊन बसला. सोळाव्या शतकातले स्पॅनिश गूढवादी, क्रुसाचे संत योहान, हेच उदाहरण घेऊन सांगतात की देवाचा शब्द खरा असूनही त्याचा आपण लावलेला अर्थ साफ चुकू शकतो. त्यांचं दुसरं उदाहरण कादंबरीकाराने जपून ठेवावं असं आहे. देव याकोबाला म्हणाला, मिसरात जा, मी तुला परत आणीन. याकोब मिसरातच मेला, परत आलं ते त्याचं प्रेत. शब्द पाळला गेला, पण याकोबाला वाटला होता तसा नाही.

फातिमाच्या मुलांना मिळालेल्या रहस्याचे तीन भाग मानतात, त्यातल्या तिसऱ्याचंही असंच आहे. २६ जून २००० रोजी व्हॅटिकनने तो मजकूर, त्या मुलांपैकी लुसिया हिच्या हस्ताक्षराच्या छायाप्रतीसह, प्रसिद्ध केला. त्यात पांढऱ्या वस्त्रातला एक बिशप अर्धवट कोसळलेल्या शहरातून, प्रेतांमधून वाट काढत डोंगर चढतो आणि माथ्यावरच्या क्रुसापाशी सैनिकांच्या गोळ्यांनी व बाणांनी मरतो. १३ मे १९८१ ला संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, पण ते वाचले. दर्शनातला माणूस मरतो, प्रत्यक्षातला जगतो, तरी भाकीत फसलं असं चर्चने म्हटलं नाही. सोबतच्या भाष्यात त्या वेळचे कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी लिहिलं की दर्शन म्हणजे ठरून गेलेल्या भविष्याचा आधीच दाखवलेला चित्रपट नव्हे, माणसाने सावध होऊन दिशा बदलावी म्हणून ते असतं. पोपचा स्वतःचा विश्वास असा की एका आईच्या हाताने गोळीची वाट वळवली. त्यांच्यावर झाडलेली एक गोळी आज फातिमाच्या मूर्तीच्या मुकुटात बसवलेली आहे.

याचा तुमच्या कथानकाशी थेट संबंध आहे. भाकीत टळू शकतं हे मान्य केलं की प्रत्येक पात्राला काहीतरी करण्याजोगं उरतं. कुणाला ते उघड करायचंय, कुणाला वाटतं उघड केल्यानेच अनर्थ होईल, कुणी चुकीचा अर्थ लावून चुकीच्या माणसाला वाचवत बसलंय. मधली शंभर पानं त्यातून भरतात. सध्या तुमच्या बाई फक्त भाकिताच्या मागे धावताहेत, आणि त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नाही हे वाचकाला त्यांच्या आधी कळलंय.

यात एक ‘परंतु’ आहे. तुम्हाला निखळ भयकथा लिहायची असेल, जिथे नियती पात्रांना गिळते आणि वाचक हतबल होतो, तर अटळ भाकीत चालतं. तसं लिहायचं तर आटोपशीर लिहा, दीडशे पानांच्या आत. चारशे पानं अटळतेवर तगत नाहीत.

आता ताण कुठे शोधायचा ते सांगतो. मजकुरात काय लिहिलंय यापेक्षा तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला, ते पाहा. फातिमाची खरी हकीकतच घ्या. साक्षीदार तिघं: दहा वर्षांची लुसिया आणि तिची धाकटी आतेभावंडं, फ्रान्सिस्को आणि जसिंता. फ्रान्सिस्कोला ती बाई दिसायची पण ऐकू यायची नाही. जसिंताला दिसायची, ऐकू यायची, पण ती बोलायची नाही. दिसणं, ऐकणं आणि बोलणं, तिन्ही फक्त लुसियाचं. १९२० उजाडून दोन महिने होतात तोवर दोन्ही धाकटी फ्लूच्या साथीनंतर गेलेली होती. पुढे २००५ साली वारेपर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षं, साक्षीदार एकटी लुसिया, आणि तीही मठाच्या भिंतींआड. तुम्ही हा तपशील एका परिच्छेदात उरकलाय. मी त्यावर तीन प्रकरणं मागितली असती.

पुढचा प्रवास पाहा. पहिले दोन भाग तिने १९४१ साली लिहून दिले. तिसरा लिहायला ती कचरत होती. आजारपणानंतर बिशपने सांगितल्यावर ३ जानेवारी १९४४ ला, स्पेनमधल्या तुई गावी, तिने तो लिहिला. लेरियाच्या बिशपांनी पाकीट न उघडता ठेवलं. १९५७ मध्ये ते रोमला गेलं आणि तिथे होली ऑफिसच्या, म्हणजे श्रद्धेसंबंधीच्या खात्याच्या, स्वतःच्या दप्तरखान्यात राहिलं. तुमच्या कादंबरीत ते ज्या प्रसिद्ध गुप्त अभिलेखागारात आहे, तिथे नव्हे. पाकिटावर ‘१९६० नंतरच उघडावे’ असं लिहिलेलं. पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली वाचलं आणि परत पाठवलं. १९६० आलं, जगभरचे भाविक वाट बघत राहिले, काहीच जाहीर झालं नाही. अफवांचं सगळं पीक त्या गप्प बसण्यातून आलं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा धागा पुढे आहे. एप्रिल २००० मध्ये व्हॅटिकनचे आर्चबिशप बेर्तोने कोइंब्राच्या मठात लुसियाला भेटले आणि १९६०च का, असं विचारलं. ती म्हणाली, ती तारीख मारियामातेने सांगितली नव्हती, मीच घातली. त्याआधी कुणाला अर्थ कळणार नाही असं मला वाटलं होतं. विचार करा! चाळीस वर्षं जग ज्या आकड्याला दैवी मुदत समजून घाबरत होतं, तो एका जोगिणीचा अंदाज होता. तुमच्या सातही ओळींपेक्षा या एका उत्तरात जास्त थरार आहे. तुमच्या काल्पनिक मजकुरातही अशी एक जागा पेरा, जिथे स्वर्गाचं बोलणं संपून माणसाचं सुरू होतं आणि ते कुठे हे कुणालाच ठाऊक नसतं.

मधल्या लेखनिकाचं पात्रही असंच कामाचं. जर्मनीतल्या ड्युल्मेनच्या अन्ना कातरीना एमरिख या अंथरुणाला खिळलेल्या जोगिणीची दर्शनं १८१९ पासून १८२४ मध्ये ती वारेपर्यंत कवी क्लेमेन्स ब्रेंटानो उशाशी बसून टिपत होता. तिचं किती आणि त्याचं किती हे आजही सुटं करता येत नाही. २००४ साली तिला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना तपास तिच्या आयुष्यापुरता ठेवला गेला आणि त्याचे ग्रंथ बाजूला राहिले. प्रामाणिक साक्षीदार आणि प्रतिभावान लेखनिक अशी जोडी तुमच्या कथेत आली तर खलनायक वेगळा शोधायला नको.

खऱ्या घटना कल्पनेवर कशी कुरघोडी करतात त्याचा नमुना म्हणून हेही ऐकून ठेवा. २ मे १९८१ ला डब्लिनहून लंडनला जाणारं एअर लिंगसचं विमान ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथातल्या एका माजी साधूने पेट्रोलच्या धाकावर फ्रान्समध्ये उतरवलं. मागणी होती, फातिमाचं तिसरं रहस्य जाहीर करा. पोपवरच्या गोळीबाराला तेव्हा अकरा दिवस बाकी होते. हे तुम्ही रचून लिहिलं असतं तर मीच समासात ‘फार झालं’ असं लिहून परत पाठवलं असतं.

दुसरी मोठी दुरुस्ती: चर्चला सरसकट खलनायक करू नका. हा नैतिक आग्रह नाही, धंद्याचा सल्ला आहे. ‘व्हॅटिकनने दडपलं’ या सूत्राला आता कुणी दचकत नाही. प्रत्यक्षात असल्या प्रकरणांत सगळ्यात मोठा शंकेखोर चर्चच असतं. कुणी ‘मला मारियामाता दिसली’ म्हणत आलं, की फादर आधी बघतात झोप नीट होते का, घरात भांडण आहे का, पैसे कोण गोळा करतंय. फातिमाच्या मुलांना १९१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच फादर फोर्मिगाव यांनी पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, उत्तरं टिपली. त्या काळातल्या नोंदींत हेही आहे की १३ ऑक्टोबरला, सूर्य नाचल्याचं हजारो लोकांनी सांगितलं त्या दिवशी, लुसिया म्हणाली की युद्ध (तेव्हा चालू असलेलं पहिलं महायुद्ध) आजच संपतंय. युद्ध संपलं ११ नोव्हेंबर १९१८ ला. ही विसंगती विश्वास ठेवणाऱ्यांच्या कागदांतच जपलेली आहे. दर्शनं विश्वासार्ह असल्याचं बिशपने जाहीर केलं ते १९३० साली, तेरा वर्षांनी.

उलट पोर्तुगालचं प्रजासत्ताक सरकार धर्मविरोधी होतं. तिथल्या प्रशासकाने ऑगस्टमध्ये मुलांना उचलून नेलं आणि रहस्य सांगा नाहीतर उकळत्या तेलात टाकीन अशी धमकी दिली, असं लुसियाने आठवणींत लिहिलंय. मुलं बोलली नाहीत. म्हणजे छळणारा नास्तिक, शंका घेणारा फादर आणि गप्प बसलेली मुलं. तुमचा तपास करणारा नायक या शंकेखोर फादरांमधून घडवा. त्याला विश्वास ठेवायचाय, पण काम त्याचं अविश्वास दाखवण्याचं. पुण्याच्या बाई आणि तो समोरासमोर आले की संवाद आपोआप धारदार होतील, कारण दोघंही एकच गोष्ट उलट्या टोकांनी शोधताहेत.

इथे काळ पक्का करा, कारण नियम बदललेत. कथा मे २०२४ नंतर घडत असेल, तर स्थानिक बिशप परस्पर ‘चमत्कार खरा’ असं जाहीर करू शकत नाही. नव्या नियमांनुसार तो तपास करतो, मत बनवतो, पण रोमच्या श्रद्धाविषयक खात्याची मंजुरी लागते. सहा प्रकारचे निष्कर्ष आहेत आणि सर्वांत वरचा म्हणजे ‘निहिल ऑब्स्टाट’, आमची हरकत नाही, इतकाच. घटना दैवी असल्याचा शिक्का सहसा मारलाच जात नाही. तुमच्या चौदाव्या प्रकरणातला कार्डिनल पत्रकार परिषदेत जे बोलतो ते १९३० साली शोभलं असतं.

बनावट भाकिताचा मार्गही विचारात घ्या. बाराव्या शतकातले आयरिश बिशप संत मलाकी यांच्या नावावर खपणारी, पुढे होणाऱ्या पोपांबद्दलची ११२ ब्रीदवाक्यं तुम्ही परिशिष्टात टाकली आहेत, ती तिथून काढा आणि त्या यादीतली युक्ती वापरा. मलाकी ११४८ साली वारले, यादी छापली गेली १५९५ ला. त्यांचे मित्र संत बर्नार्ड यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात हिचा उल्लेखही नाही. १५९० पर्यंतची वाक्यं त्या त्या पोपला चपखल बसतात, पुढची कुणालाही बसवता येतील अशी मोघम. म्हणजे अचूकपणा जिथे संपतो तिथे बनावट कधी झाली ती तारीख सापडते. १५९० च्या पोपच्या निवडणुकीत ओर्व्हिएतोच्या कार्डिनल सिमोन्चेल्ली यांच्या बाजूने ती रचली असावी असा संशय आहे, कारण तेव्हा निवडून येणाऱ्या पोपच्या जागचं ब्रीद त्यांच्या जुन्या शहराकडे बोट दाखवतं. ते निवडून आले नाहीत. तुमच्या बाईंना शोध लावायला यापेक्षा चांगली पद्धत कुठली? कागद, शाई, हस्ताक्षर यांच्या आधी भाकीत कुठवर नेमकं आहे ते बघायचं. ‘शेवटचा पोप’ हे भांडवल मात्र आता विसरा. त्या मोजणीतले शेवटचे ठरलेले फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले.

आता भाषेकडे येतो, कारण तुमचं दर्शनाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमचं वाक्य असं: ‘अनंत आकाशातून दिव्य तेजाचा विराट लोळ उसळला आणि त्या अलौकिक, अवर्णनीय प्रकाशात तिचं अवघं अस्तित्व विरघळून गेलं.’ हे वाचून कुणाला काहीच दिसत नाही. लुसियाचा मजकूर वाचून बघा. क्रूस ओबडधोबड ओंडक्यांचा, आणि ओंडके कसले तर बाटल्यांची बुचं ज्याच्या सालीपासून करतात त्या ओकचे, सालीसकट. त्याच्या दोन्ही बाहूंखाली दोन देवदूत, हातात पवित्र पाणी शिंपडायची स्फटिकाची भांडी, त्यात ते हुतात्म्यांचं रक्त गोळा करताहेत. विशेषणं जवळजवळ नाहीतच. मेंढ्या राखलेल्या मुलीला झाडाची साल ओळखू येते, तेवढं तिने लिहिलं. आविलाच्या संत तेरेजा यांनी आपल्याला दिसलेल्या देवदूताबद्दल आवर्जून सांगितलं की तो उंच नव्हता, लहानखुरा होता. या ‘लहानखुरा’मुळे अंगावर काटा येतो. तुमचं वाक्य मी असं करून दिलं असतं: ‘बाई ओट्याच्या वर हातभर उंचीवर उभी होती. पाय अनवाणी. डाव्या टाचेला माती लागलेली.’ बाकीचं वाचक करतो.

किरकोळ चुका भराभर सांगतो. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीही नाही. तुमचे फादर तेविसाव्या प्रकरणात पोलिसांना इशारा देतात, तिथे अख्खं पात्र कोसळतं. बोलता न येणं हाच त्यांचा पेच करा. भूत काढायचा विधी बिशपच्या खास परवानगीशिवाय होत नाही. व्हॅटिकनचं अभिलेखागार १८८१ पासून अभ्यासकांना खुलं आहे आणि २०१९ मध्ये त्याच्या नावातून ‘गुप्त’ काढलंय, तेव्हा बाईंना तिथे गटारातून शिरवू नका. अर्ज करून, ओळखपत्र घेऊन जाऊ द्या आणि मागवलेली फाइल ‘दुसऱ्या वाचकाकडे आहे’ असं कळू द्या. हे जास्त भीतीदायक आहे.

आणि पुण्याच्या बाईच का? सध्या याला उत्तर नाही. लुसियाने लिहिलं पोर्तुगीजमध्ये. बाईंचं घराणं गोव्याचं करा, आजीकडून पोर्तुगीज आलेली, म्हणजे त्या अपरिहार्य होतील. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात १६३६ साली क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त आलं अशी नोंदलेली श्रद्धा आहे. असल्या घटनेचा तपास जुन्या पोर्तुगीज कागदांत वाचण्याची सवय असलेली बाई फातिमाच्या पाकिटाकडे पुणेकर पर्यटकासारखी बघणार नाही. धार्मिक मराठीचा सूर हवा असेल तर फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या मोठ्याने वाचा, म्हणजे इंग्रजीतून उचललेली प्रार्थनेची वाक्यं आपोआप गळतील.

आज हयात असलेले दर्शन पाहणारे कथेत नावानिशी आणू नका. कायद्याचं सोडा, पण खऱ्या माणसाच्या तोंडी बनावट भाकीत घातलं की वाचकाचं लक्ष तुमच्या गोष्टीवरून उडून त्याच्याकडे जातं.

तर काम कुठून सुरू कराल? साठाव्या पानावरून भाकिताचा मजकूर काढून टाका. दोन तृतीयांश कादंबरी होईपर्यंत वाचकाला तो दाखवू नका. तोवर त्या पाकिटासाठी कोण काय करायला तयार आहे, कुणी ते वाचून गप्प बसणं पसंत केलं आणि कुणी न वाचताच लोकांना भीती घातली, एवढंच दाखवा. उघडल्यावर सातपैकी तीन ओळी ठेवा, त्यातली एक लेखनिकाची असू द्या. मधला भाग असा लिहून झाला की पहिल्या प्रकरणाकडे परत या. पाकीट हातात पडताच बाई ते फाडून वाचतात, तो प्रसंग तेव्हा तुमचा तुम्हालाच खुपेल.